राजकुमार आचाऱ्याचा रविवार

आमच्या उंद्री गावात कुणाकडे पंगत असली की राजकुमार आचारी दिवस उजाडताच येतो, शेगड्या मांडून घेतो, आणि कढईत तेल पडायच्या आत कुणीतरी म्हणतंच, "राजकुमारभाऊ, एखादं स्विसचं होऊन जाऊ द्या." माणूस आठ वर्षं दर उन्हाळ्यात तिकडे जाऊन आलेला. प्रवासी म्हणून नव्हे, टूर कंपनीचा स्वयंपाकी म्हणून. पुण्यामुंबईच्या मंडळींचं दोन दिवस बर्फ पाहून झालं की तिसऱ्या दिवशी त्यांना वरणभात आठवतो. तो भात शिजवायला. आठ उन्हाळ्यांत त्याने स्वतः बर्फ किती पाहिला म्हणाल, तर खोलीच्या खिडकीतून दिसला तेवढा. स्वयंपाकघर हॉटेलच्या तळघरात होतं. पण हे गावाला ऐकायचं नसतं. गावाला गंमत पाहिजे असते.

गंमत त्याच्याकडे पोतंभर होती. तिकडे गिनीपिग नावाचा उंदरासारखा प्राणी पाळतात, आणि तो एकटा ठेवायला कायद्याने बंदी आहे. त्याला करमत नाही म्हणून जोडीदार आणावाच लागतो. शरद लागला की डोंगरावरच्या गाई खाली उतरतात, तेव्हा त्यांच्या डोक्यावर फुलांचे मुकुट असतात. पोळ्यासारखंच, फक्त बैलांच्या जागी गाई. लढाई झालीच तर लपायला जमिनीखाली खोल्या बांधून ठेवल्यात, आणि लढाई होत नाही म्हणून लोक तिथे जुन्या सायकली नि मुरंब्याच्या बरण्या ठेवतात. गाडी तीन मिनिटं उशिरा आली तर भोंग्यावरून माफी मागतात. हल्ली कुणाच्याही मोबाईलवर असलं काही आलं की तो फोन थेट राजकुमारच्या तोंडासमोर धरला जातो. "खरं हाय का हो हे?" राजकुमार चष्मा वर सारून बघतो, "हाव, खरं हाय," म्हणतो, आणि गावाच्या लेखी बातमी पक्की होते.

ऐकणाऱ्यांत एक बाई मात्र कधी काही विचारायची नाही. ती त्याची थोरली बहीण, वच्छलाबाई, त्याची अक्का. गावात पंगत कुणाकडेही असो, शेजारपाजारच्या बाया पुऱ्या लाटायला येतात, तशी तीही येते. पोळपाट घेऊन भावापासून चार हातांवर बसते, दोनशे पुऱ्या लाटते आणि एक शब्द न बोलता घरी जाते. तीन वर्षं हे असंच चाललंय. आईच्या मागे तिनेच त्याला वाढवलं म्हणता येत नाही, कारण आई होती. पण आई दिवसभर शेतात, आणि कडेवर फिरवला, शाळेत नेऊन बसवला, तो हिनेच. तरुणपणी विधवा होऊन माहेरच्या गल्लीत परतली ती आईच्या सोबतीला. राजकुमार तिकडे भात शिजवत होता तेव्हा इकडे आईचं सगळं हिच्या अंगावर होतं.

आई, रुखमाबाई, ज्येष्ठात गेली. रविवारी, ऐन बारा वाजता. वच्छलाबाईने फोन लावला. त्याने त्याच आठवड्यात आईला एक गंमत सांगितली होती, डोंगरावर पाय मोडलेल्या गाईला हेलिकॉप्टरला टांगून खाली आणतात म्हणून, आणि म्हातारी पडल्या पडल्या हसली होती. चार दिवसांनी, तो अजून येत नाही म्हटल्यावर, अक्का फोनवर कडाडली, "तिथं गाईले हेलिकॉप्टर भेटते, तुले इमानाचं तिकीट नाही भेटत?" मॅनेजर वाईट माणूस नव्हता, पण त्याच्याकडे दोनशे जेवणारे होते आणि दुसरा आचारी तापाने पडलेला. मुंबईहून बदली माणूस येईपर्यंत नऊ दिवस गेले.

तो अकराव्या दिवशी गावात ऑटोतून उतरला. आपल्याकडे परगावाहून लेक आला की गल्ली दाराशी जमते. तो हंबरडा फोडतो, बाया गळा काढतात, आणि मग कुठे दुःख वाटून घेतल्यासारखं होतं. अक्का धावत आली, त्याच्या गळ्यात पडली, आकांत करून रडली. राजकुमार खांबासारखा उभा. ना आवाज, ना डोळ्यांत टिपूस. बायांचं रडणं हळूहळू ओसरलं, एकमेकींकडे बघणं सुरू झालं. अक्काने त्याच्या गळ्यातले हात काढून घेतले.

"तुले काहीच नाही वाटत बे?" तिने विचारलं होतं. ते तिचं त्याच्याशी शेवटचं बोलणं.

गावाने मग आपल्या मनाने निकाल लावला. परदेशाचं पाणी लागलं, काळीज बर्फाचं झालं, वगैरे वगैरे. गावाला असले निकाल लावायला वेळ लागत नाही, आणि मला त्याचा राग येतो तो आजही येतो. राजकुमार पुन्हा कधी तिकडे गेला नाही. बायको, वंदना, दरवर्षी आईच्या पित्तराला अक्काकडे ताट घेऊन जायची. ताट झाकलेलं तसंच परत यायचं. खीर सांडू नये म्हणून ती ते दोन्ही हातांनी धरून आणायची, आणि राजकुमारला नेमकं तेच बघवत नसे.

परवा किसनरावांच्या नव्या घराची वास्तू होती. मांडवात सकाळी दहाला पुऱ्यांचं काम सुरू झालं. किसनरावांचा पुण्याचा जावई, दीपक, येत्या मे महिन्यात बायकोला घेऊन स्वित्झर्लंडला निघालेला. तो खुर्ची ओढून कढईजवळच बसला. "मामा, तिथे काय सांभाळायचं ते सांगा. दंड-बिंड व्हायला नको."

"रविवार सांभाळा," राजकुमार म्हणाला, आणि मांडव आधीच हसायला लागला, कारण हा किस्सा सगळ्यांना पाठ होता. "रविवारी काचेची बाटली डब्यात टाकाची नाही, आवाज होते. भिंतीत खिळा ठोकाचा नाही. गवत कापाचं मशीन काढलं की शेजारी फोन करते. मी आपला एका रविवारी खोलीत ओरडलो जरासा मोठ्यानं. दहा मिन्टात दारावर टकटक! पायतो तर दोन पोलीस. इतके नम्र, की मलेच लाज वाटली. म्हने, साहेब, आज रविवार हाय. माह्या खोलीतला धम्मरत्न, शेगावकडचा, तो नुसता सॉरी सॉरी करून राह्यला."

हशा झाला. दीपक तर डोळे पुसत होता. हसता हसता त्याने सहज विचारलं, "किती वाजता ओरडलात पण?"

"सकाळचे साडेआठ."

"म्हणजे आपल्याकडे?"

"बारा," राजकुमार म्हणाला. एवढं तो आजवर कधी बोलला नव्हता, कारण एवढं कुणी विचारलंच नव्हतं. शब्द तोंडातून गेला आणि आपण काय बोलून बसलो ते त्याचं त्यालाच कळलं.

लाटण्याचा आवाज थांबला. वच्छलाबाईने मान वर केली.

"कोनता रविवार होता?"

मांडवातल्या बाया तिच्याकडे बघत राहिल्या. तीन वर्षांत ती त्याच्याशी बोललेली कुणी पाहिली नव्हती. राजकुमारने झारा कढईच्या काठावर टेकवला.

"माय गेली तो," तो म्हणाला. "तुहा फोन आला ना अक्का, तोच. फोन ठेवला आन माह्या तोंडातून जे निघालं ते निघालं. खालची म्हातारी घाबरली, तिनं पोलिसाले फोन केला. तिची काय चूक? तिले वाटलं कोनी कोनाले मारून राह्यलं."

दीपकने हातातला फोन खिशात ठेवला. किसनराव उगीच मंडपाची दोरी तपासायला गेले.

"मंग?" अक्का म्हणाली.

"मंग काय. पोलीस गेले, धम्मरत्ननं दार लावलं आन टॉवेल देल्ला तोंडात कोंबाले. माह्या भल्यासाठीच. पुन्हा आले असते तर कंपनीची खोली गेली असती. सांजेचा भात टाकाची वेळ होईपर्यंत त्या टॉवेलात रडलो मी." तेल तापून धुरकट झालं होतं, त्याने गॅस बारीक केला. "घरी आलो त्या दिवशी तू गळ्यात पडली, तव्हा तोंड उघडलं होतं म्या. आवाजच निंगला नाही. सारखं वाटे, आता टकटक होईल."

"आन मले सांगितलं काऊन नाही?"

"कसं सांगू? माय गेल्यावर पहिल्यांदा कोनीतरी म्हने, तिकडची गंमत सांगा. तोंडात हेच आलं. अर्धं सांगितलं, लोकं हसले. मंग पुढचं अर्धं सांगाची सोयच राह्यली नाही."

त्याला वाटलं, आता ती उठून येईल. किंवा निदान शिव्या तरी देईल. लहानपणी द्यायची तशा. पण ती बसल्या जागेवरून हलली नाही. पोळपाटावरची अर्धी लाटलेली पुरी तिने बोटांनी गोळा केली, पुन्हा कणकेचा गोळा केला आणि तो हातातच धरून ठेवला.

"मांगच्या साली जानरावच्या पोरीच्या लग्नात तू हाच किस्सा सांगितला," ती म्हणाली. आवाज इतका खाली की शेजारच्या बाईला वाकून ऐकावं लागलं. "साऱ्या बाया हसल्या. मी बी हसली रे. तुह्याशी बोलत नव्हती म्हनून पदर तोंडाले लावून हसली. मायच्या मरनावर हसली मी."

राजकुमारने गॅस बंद केला. बाहेर पहिली पंगत बसली होती, पण पुऱ्या मागायला बराच वेळ कुणी आत आलं नाही.