विलासचं पडणं

बायकोने चटणीसाठी जवस भाजला की मला राजापेठेतला आयकिडोचा वर्ग आठवतो. तिथे आम्ही लाकडी तलवारींना जवसाचं तेल चोळायचो. सर म्हणत, जुन्या जपानी तलवारबाजीतले वारच आपण रिकाम्या हातांनी करतो. डाव दाखवताना ते नेहमी विलासला पाडायचे. सरांच्या हातून पडणं हा आमच्यात मान होता, आणि मी विलासवर जळायचो.

एकदा त्याचं मनगट सुजलं म्हणून सरांनी मला बोलावलं. मला मनातून आनंद झाला. पण त्यांनी हात धरताच मी ताठलो आणि धपकन आदळलो.

"सैल सोड ना बे," भिंतीशी बसलेला विलास म्हणाला. "सरनं धरलं हाये ना तुले. काहून भिऊन राहिला?"

त्या आनंदाची आता लाज वाटते. त्याच्या निर्धास्त पडण्याचा हेवा मात्र पन्नाशीतही गेलेला नाही.