आप्पांचा वाकडा बांध

बांध आला की आप्पा चपला काढून हातात घेत, अनवाणी ओलांडत आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा घालत. भर उन्हात, डोक्यावर कडब्याची पेंढी असली तरी. गाव त्यांना बांधआप्पा म्हणायचं. त्यांची पट्टी आमच्या पट्टीला लागून होती. मधला बांध दोघांचा.

माकणीच्या रस्त्याला आमच्या गावचं हे पट्ट्यांचं रान. प्रत्येक घराची एक लांब, अरुंद पट्टी, मध्ये गवताचे बांध, कुंपण कुठंच नाही. ज्वारी निघाली की साऱ्या गावची गुरं साऱ्या रानात मोकळी चरायची. सगळे बांध टोकाला एकाच बाजूला वाकलेले. पूर्वी आठ बैलांचा नांगर असे. तो जागच्या जागी वळत नसे, लांबूनच वळवत आणावा लागे. त्या वळणानं बांध वाकले, असं आप्पा सांगत. माझे वडील चेष्टेनं म्हणायचे, "आप्पा, बांध तुमच्या कमरेवाणी वाकलाय." आप्पा म्हणायचे, "न्हाय दादा, कंबरच बांधाकडं बघून वाकली."

त्या वळणाच्या पोटात त्यांच्या बायकोला, गौराकाकूंना, पुरलं होतं. लिंगायतांत पुरतात. वर फक्त एक दगड. न्याहारीला बसले की आप्पा भाकरीचा पहिला तुकडा त्या दगडावर ठेवत आणि कानडीत काहीतरी पुटपुटत. काय बोलता, असं मी एकदा विचारलं. म्हणाले, "आज मीठ कमी पडलंय, ते सांगतोय."

पुढं सरकारकडून जमिनी सलग करून गट पाडायचं ठरलं. मोजणीवाले येणार, बांध सरळ होणार. वडील थकले होते, रान मीच बघत होतो. बांधाचं ते वळण आमच्या बाजूला आलं असतं तर आमची पट्टी चौकोनी झाली असती, ट्रॅक्टर नीट फिरला असता.

येळवशीला, म्हणजे मार्गशीर्षातल्या वेळा अमावस्येला, आपल्याकडं आंबिलीचं मडकं घेऊन रानाला फेरी घालतात. पुढचा 'ओलगे ओलगे' म्हणत आंबील शिंपडतो, मागचे 'सालम पोलगे' म्हणून साथ देतात. आमच्या गावात जिथवर आंबील पडली तिथवर रान धरलं जाई, आणि त्या दिवशी कुणी कुणाशी भांडत नसे. हे मला पक्कं माहीत होतं. त्या वर्षी मडकं माझ्या हातात होतं. वळणावर मी वळलो नाही. सरळ चालत गेलो, बांधावरून, चपलांसकट. आप्पा पलीकडे उभे होते. माझ्यामागची साथ क्षणभर थांबली, मग पुन्हा सुरू झाली.

दुपारी रिवाजाप्रमाणं आप्पा आमच्या कडब्याच्या खोपीत आले, भज्जी-भाकरी जेवले. निघताना एवढंच म्हणाले, "बाबू, आंबील शिंपडलीस, ठीक हाय. तिच्या अंगावरनं नांगर तेवढा फिरवू नगंस." मी मान डोलावली.

मोजणीच्या दिवशी पंचांनी सांगितलं, आंबील इथून गेली. आप्पांना विचारलं तर म्हणाले, "शिंपडलीय न्हवं." पुढच्या नांगरटीला ट्रॅक्टरवाला दगडापाशी थांबला आणि त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी लिंबाखाली तंबाखू मळत बसलो होतो. मळतच राहिलो.

बांध गेल्यावरही त्या जागी आले की आप्पा चपला काढत. नांगरलेल्या ढेकळांत अनवाणी चार पावलं टाकत आणि पुन्हा घालत. पोरं हसायची. 

नांगरटीनंतरच्याच पावसाळ्यात आप्पा गेले, तेव्हा त्यांचा मुलगा मल्लिनाथ आमच्या दारात आला. "बाबूदादा, आईजवळ जागा द्या. आप्पांनी तेवढंच मागितलंय." मी म्हणालो, "दिली असती रे. पण नेमकी कुठं, कसं कळणार? खूणच न्हाय राहिली." त्यांनी आप्पांना स्वतःच्या पट्टीत, रस्त्याकडेला पुरलं.

त्याच हिवाळ्यात ज्वारी वाढली आणि आमच्या चौकोनी रानात वाकडा बांध उभा राहिला. पिढ्यान्‌पिढ्या न नांगरलेली ती माती. तेवढ्या पट्ट्यातली ज्वारी काळीभोर, बाकीच्या पिकाच्या वर डोकं काढून, टोकाला अगदी तशीच वळलेली. वळणाच्या पोटात काकू. दरवर्षी ती खूण दिसते. विचारणाऱ्यांना मी सांगत आलो, तिथं खत सांडलं होतं. खत सांडलं नव्हतं. तो आप्पांचा बांध आहे.

मागं रस्ता रुंद झाला. आप्पांची जागा डांबराखाली गेली.

यंदाच्या येळवशीला माझ्या मुलाच्या हातातून मी मडकं घेतलं. काळ्या ज्वारीच्या कडेकडेनं चालू लागलो. मुलगा मागून म्हणाला, "बाबा, तिकडं कुठं? बांध इकडं हाय." मी वळणापाशी आलो, चपला काढल्या आणि पलीकडं उभ्या असलेल्या मल्लिनाथला म्हणालो, "हे वळण तुमचं. आईची जागा हीच."

त्यानं ज्वारीकडं पाहिलं. आवाज न चढवता म्हणाला, "बाबूदादा, आता इथं कुणाला आणून ठेवू?"

मी आंबील शिंपडली. "ओलगे ओलगे" म्हणालो. मागून साथ आली नाही.