वीस बारांचं घड्याळ

आमचे मालक पारनेर तालुक्यात इहिरीला सुरुंग लावत्यात. सुरुंगवाला म्हटलं की लोकांना वाटतं, गडी लई धाडसाचा. कसलं काय! घरात पाल दिसली तर "चांगुणा, चांगुणा" करून मला हाका मारत्यात. पन इहिरीच्या तळाला वाती पेटवून यारीच्या पाळन्यातनं वर आले, की मान अशी ताठ, जसं साऱ्या तालुक्याला ह्यांनीच पानी पाजलंय. पानी निम्म्या इहिरींना लागत न्हाई, ते जाऊ द्या.

मी त्याच टोळीत दगडं उचलते. मानसं आन दगडं वर-खाली करनारी यारी चालवतो बाबाजान. त्यो आन मालक पोरपनाचे दोस्त, एकाला झाकावं आन दुसऱ्याला काढावं.

सुरुंगाचा एक कायदा हाय. जेवढ्या वाती पेटवल्या तेवढे बार मोजायचे. एक जरी कमी वाजला, तर अर्धा तास कुनी खाली उतरायचं न्हाई. वात आत धुमसत असती. आता अर्धा तास मोजायचा म्हंजे घड्याळ पायजे. लग्नात माझ्या बापानं दिलेलं चावीचं घड्याळ धक्क्यांनी पयल्याच इहिरीत बंद पडलं. त्यापायी माझ्या बापाचा उद्धार वरीसभर चालला हुता.

मग पंच्यान्नवच्या उन्हाळ्यात मालकांच्या दोन्ही मनगटांवर आकड्यांची घड्याळं आली. डाव्या हातावर नगरच्या बाजारातलं सोनेरी, गानं वाजवनारं. उजव्या हातावर बाबाजानच्या मेव्हन्यानं सौदीहून धाडलेलं काळं, रबरी, भाकरीएवढं जाड. बाबाजानला ते जड व्हायचं. त्यो म्हनला, "कानिफ, दोन्ही वापरून बघ. टिकंल ते तू ठेव, दुसरं मला दे."

झालं! मालकांनी घड्याळं दगडावर आपटली, शेनात पुरली, रांजनात बुडवली, म्हशीच्या पायाखाली टाकली. मी म्हटलं, "अवो, घड्याळं हायती का पकडलेले चोर हायती?"

सोनेरी घड्याळ दिसायला गोजिरं, बाहीखाली मुकाट बसायचं. पन चुलत सासऱ्याच्या दहाव्याला, कावळा पिंडाला शिवनार तेवढ्यात, ते वाढदिवसाचं गानं वाजवायला लागलं. कावळा गेला उडून. चुलत सासू आजून माझ्याशी बोलत न्हाई. म्हशीनं पाय दिल्यावर तर त्याच्या आकड्यांचे तुकडेच गळाले. आठ हाय का तीन, ज्यानं त्यानं आपल्या मनानं ठरवायचं. सौदीचं घड्याळ मातूर कुरूप. बाहीचं बटन लागू द्यायचं न्हाई, दाराच्या कडीत अडकायचं. पन इहिरीच्या अंधारात बी आकडे ठळक. म्हशीनं त्याच्यावर पाय दिला तर म्हसच लंगडली.

मग एक दिवस बाबाजाननं त्या सौदीच्या घड्याळाच्या पाठीवरचं इंग्रजी वाचलं. आधी 'वाटर' का कायसं, आन पुढं 'वीस बार'. मालक तर नाचायलाच लागले. "वीस बार सोसतंय! कंपनीनं लिहून दिलंय!" बार म्हंजे पान्याच्या दाबाचं माप असतं, हे आमाला लई मागनं कळलं. सुरुंगवाल्याला बार म्हंजे बारच. मालक मोजायला लागले. पाच वाती पेटवल्या की घड्याळाचे पाच बार गेले. वीस भरले, तसं त्यांनी सांगून टाकलं, "ह्याचं आयुष्य सरलं. चालतंय, पन आता ते खरं बोलायचं न्हाई." बिचारं घड्याळ नीट चालत हुतं, दिवा लागत हुता. पन ऐकतंय कोन!

दुसऱ्याच दिवशी पाच वाती पेटवल्या आन चारच बार वाजले.

सगळे बांधाआडच बसून ऱ्हायलो. जरा येळानं मालक उठून पाळन्याकडं निघाले. बाबाजाननं त्यांचा उजवा हात धरून घड्याळ बघितलं. "आरं, धाच मिनिटं झाल्यात!"

"ते मेलंय," मालक म्हनले आन डावा हात पुढं केला. "हे बघ, अर्धा तास."

त्या मोडक्या आकड्यांत त्यांना अर्धा तास दिसला! बाबाजाननं यारी चालवायला साफ नकार दिला, तर हे दोर धरून उतरायला लागले. मी बांधाआडनं धावले आन वरडले, "कानिफ्या! मुडद्या! वर ये!"

जन्मात पयल्यांदा नवऱ्याचं नाव घेतलं, ते बी शिवीसंगं. मालकांचं डोकं असं फिरलं, की दोर चढून वर आले. "चारचौघांत नवऱ्याचं नाव घेतीस? लाज वाटती का?" म्हनत माझ्या अंगावर धावले. मी मागं सरत बांधापतोर गेले, हे माझ्या मागं. "घेनार! शंभरदा घेनार!" मी म्हटलं, आन तेवढ्यात इहिरीत पाचवा बार उडाला.

धुरळा बसला तवा मालक मातीत बसलेले, तोंड पांढरंफटक. मी रडत रडत त्यांच्या पाठीत बुक्क्या घातल्या. ते म्हनले, "घाल आजून." मग दोन्ही घड्याळं काढून बाबाजानच्या हातात दिली आन सगळ्यांना सांगितलं, "खाली कवा उतरायचं, ते आता हिला इचारायचं."

आता मला घड्याळ वाचता येत न्हाई, हे साऱ्या टोळीला ठावं हाय. बार फसला की मी इहिरीच्या वाटंवर बसते, आन माझ्या छातीतली धडधड थांबत न्हाई तोवर कुनाला खाली जाऊ देत न्हाई. कवा कवा सकाळची दुपार होती. शेतवाला कुरकुरतो. कुरकुरू दे की! त्याचं काय जातंय? खाली उतरतो त्यो नवरा माझा हाय.