बशीएवढं वर्तुळ

माझी भाची मुक्ता मानसशास्त्र शिकते. कुठल्या समाजात ‘मी’ मोठा आणि कुठल्या समाजात ‘आपण’, हे मोजायची एक युक्ती घेऊन ती रविवारी घरी आली. कागदावर घरातल्या प्रत्येकासाठी एक वर्तुळ काढायचं आणि एक स्वतःसाठी. कोणाचं केवढं, ते काढणाऱ्यानं ठरवायचं.

तिनं कागद माझ्या वहिनीपुढे ठेवला.

“हिचं काय मोजतेस?” दादा हसला. “ही स्वतःला काढायलाच विसरेल!”

आम्हीही हसलो. सगळ्यांच्या शेवटी जेवायला बसणारी, करपलेली पोळी आपल्याच पानात घेणारी आमची वहिनी. तिचं उत्तर आम्हाला पाठ होतं.

वहिनीनं रांगोळीला सरावलेल्या हातानं कागदाच्या मधोमध भलामोठा गोल काढला, बशीएवढा. मग पार कडेला ज्वारीच्या दाण्यांसारखे ठिपके दिले.

“मामी, हा मोठा कोण?”

“मी.”

या बाईच्या आत एवढी ऐसपैस जागा होती, आणि आम्ही तिला ओट्यापुरती समजत होतो!

“अगं, एवढं मोठं?” दादाचा आवाज चिरकला.

“तिनं विचारलं म्हणून काढलं,” वहिनी शांतपणे म्हणाली आणि चहा टाकायला उठली.

ती आत जाताच दादा कागदावर वाकला. मी वाकलो. मागून आईही चष्मा सावरत आली. ‘आपण’वाल्या आमच्या घरात जो तो एकच विचारत होता, “यातला माझा ठिपका कुठला?”