तळ्याकाठची पिवळी माळ

आश्विनातलं नवरात्र वसंतात येतं हे मला आधी पटेचना. पण न्यूझीलंडात तसंच आहे. त्यात आमची अडचण अशी की रोटोटुना नावाच्या वस्तीतलं लेकाचं घर नवंकोरं, मागं नुसतं गवत. घटाला रोज ताजी माळ हवी, आणि दुकानातून आणलेली शेवंती शनिवारी सकाळी संपली. सासूबाईंच्या वेळेपासून आमच्यात माळ कधी चुकलेली नाही. तेवढ्यात सून वैदेही म्हणाली, त्या नावाजलेल्या चित्रकाराची बाग बघायला जाऊ. मी आधी विचारलं, तिथं फुलं आहेत का? ती हसली. "आई, बागच आहे ती."

जाणार असाल तर ऐका. गाडीनं दीड तास. रस्ता लोण्यासारखा, दोन्हीकडे गाई, मेंढरं. तिकीट घरूनच काढून ठेवा, आमच्या वयाला स्वस्त पडतं. गवत ओलं असतं, चपला नकोत, बूट घाला. कॅफेत खायला मिळतं, पण माझा उपास; मी डब्यात साबुदाण्याची खिचडी नेली होती.

तळं मात्र बघाच. त्या चित्रकारानं म्हातारपणी रोज काठावर बसून तेच पाणी रंगवलं. तिथल्याच एका खोलीत ती चित्रं लावलीत. एक उन्हातलं, एक ढगातलं, एक कातरवेळचं. मला लगेच कळलं त्याचं. मी जन्मभर एकाच दारात रांगोळी घातली, कंटाळा कधी आला नाही.

काठावर कोव्हाईचं झाड. पान थोडं, फूल उदंड, पिवळंधमक. सकाळी दुसऱ्याच्या कुंपणावरून फुलं तोडणाऱ्यांतली मी, फांदी कधी वाकवली कळलंसुद्धा नाही.

"आजी, डोन्ट. नॉट अलाउड." माझी नात ईरा. मराठी सगळं समजतं, उत्तर मात्र इंग्रजीत.

गमबूट घातलेली माळीणबाई आलीच. किया ओरा, म्हणजे इथला नमस्कार, म्हणाली, हसली, पण नजर फांदीवर. लेक-सून कॅफेत, मला इंग्रजी येत नाही, मग ईरालाच देवी, घट, माळ सगळं सांगावं लागलं. पोरीचे कान लाल झाले. बाईचं म्हणणं, तोडू नका, खाली पडलेली हवी तेवढी न्या.

मी नको म्हणून मान हलवली. मातीत पडलेलं फूल देवीला कसं वाहू? उद्या घट बिनमाळेचा राहणार, एवढंच डोक्यात. बाकावर बसून राहिले.

तर ईरा चक्क मराठीत म्हणाली, "आजी, प्राजक्ताखाली तू चादर टाकायचीस ना?"

परवाच बोलता बोलता सांगितलं होतं मी. तिनं माळीणबाईला विचारलं. बाई म्हणाली, "स्वीट ॲज," म्हणजे खुशाल टाका. माझी शाल झाडाखाली पसरली आणि आम्ही दोघी वाट बघत बसलो. मग वर तुई आले. काळे पक्षी, गळ्याला पांढरे गोंडे, आणि मधासाठी भांडखोर किती! एकमेकांना हुसकताना फांद्या झटकायचे, की शालीवर फुलं टपटप. तोडलेली नाहीत, मातीला लागलेली नाहीत. खिचडी संपवून डब्यात ओला रुमाल घातला आणि फुलं भरली.

रविवारी सकाळी माळ ईरानंच ओवली. वीतभर आखूड झाली, पण घटावर शोभली. तळ्याचे फोटो फोनमध्ये आहेत, निम्म्यांत माझा अंगठा आलाय. त्याचं काही वाटत नाही मला. आरती झाल्यावर वैदेहीनं विचारलं, एवढी फुलं तोडली तरी कुणी?

मी तोंड उघडायच्या आत ईरा म्हणाली, "पक्ष्यांनी. आम्ही फक्त शाल टाकली."