अज्ञात कलाकार

जुना कॉम्प्युटर स्टिरिओला जोडून घरच्या गाण्यांचा सर्व्हर केला. पडद्यावर यादी आली आणि डोकंच सणकलं. सुमनआत्याच्या गाण्यांपुढे लिहून आलं होतं, 'अज्ञात कलाकार'. चळवळीच्या सभेआधी गर्दी जमवायची आत्यासारख्या गाणाऱ्या बायकांच्या गळ्यांनी, आणि पत्रकावर नावं फक्त वक्त्यांची. यंत्राला काय बोलू? अलीकडची पत्रकं मीच लिहिलीत.

पण खरी धास्ती वेगळीच होती. घशाच्या ऑपरेशननंतर आत्या गात नाही, आणि तिच्या एकुलत्या एका कॅसेटला बुरशी लागलेली. तिच्यातून कॉम्प्युटरवर आवाज उतरलाय की नुसती खरखर, कोण जाणे. गाणं लावलं. आधी खरखरच आली, आणि मग खोलीभर आत्या, खणखणीत.

मेथी निवडता निवडता आत्या घोगऱ्या आवाजात म्हणाली, "दुसऱ्या कडव्यात घसरलेय रे. पूस तेवढं."

"नाही पुसणार. नाव काय घालू, माहेरचं की सासरचं?"

"नुसतं सुमन घाल. आणि आवाज वाढव. ऑपरेशन झाल्यापासून शेजारची मंदा माझ्याशी खुणांनीच बोलते. ऐकू दे तिला."