गोड लागणारं औषध

कामोठ्यातल्या आमच्या तिसऱ्या मजल्यावरून आई कित्येक महिने खाली उतरली नव्हती. दम्याने तिला घरात डांबलं होतं. रस्त्यावरच्या ट्रेलरची धूळ नको म्हणून खिडक्याही बंद. आत दोरीवर ओले कपडे, कुकरची वाफ, आणि वाशीच्या ऑफिसातून परतले की माझाही जीव गुदमरायचा.

डॉक्टरांनी कॅप्सूलचं मशीन दिलं होतं. कॅप्सूल घालायची, मशीन पिरगाळून ती उघडायची आणि आतली भुकटी श्वासासोबत जोरात ओढायची. दुपारी धाप लागली की आईची बोटं थरथरत. म्हणून ती सकाळीच दुपारची कॅप्सूल उघडून मशीन ओट्यावर तयार ठेवी. आयत्या वेळी धावाधाव करणं म्हणजे तिच्या लेखी शुद्ध गबाळेपणा. चिरलेली भाजी, मळलेली कणीक, तसंच औषध.

धाप मात्र वाढतच चालली. आईला त्याचं काही नाही.

"चांगलं गोड लागतं गं," ती म्हणायची. "म्हणजे लागू पडतंय."

एका रविवारी मशीन पुसायला उघडलं तर आत गुठळ्या. तसंच घेऊन डॉक्टरांकडे गेले. ते म्हणाले, भुकटी सुटी असेल तरच हवेबरोबर वळणं घेत छातीत खोल उतरते. दमट हवेत कण एकमेकांना चिकटले की जड होतात, वळता येत नाही, घशावरच आपटून तिथेच बसतात. इतकं गोड लागतंय ते तोंडातच राहिलेलं औषध. कॅप्सूल ओढायच्या क्षणीच उघडायची.

म्हणजे तिची टापटीपच तिच्या मुळावर उठली होती. पण थरथरत्या हातांनी ऐन वेळी उघडणार कोण? ऑफिसात घरून काम मागितलं, नाही म्हणाले. शेवटी नोकरी सोडली. वाईट वाटलं, फार वाटलं, पण ते बोलायचं कोणाशी.

पहिल्या दुपारी मी उघडून दिलेलं औषध ओढून आईने तोंड वाकडं केलं. काहीच लागत नाही, आत औषध आहे का, म्हणून विचारलं.

हळूहळू तिची धाप कमी झाली. परवा संध्याकाळी ती एकटी जिना उतरून खाली बायकांत बसली. मी वर बंद खिडकीतून बघत होते. परत येऊन तिने बेल वाजवली, फारशी दमली नव्हती. चावी का नेली नाहीस, मी विचारलं.

"चावी कशाला?" चपला काढत ती म्हणाली. "तू असतेसच की घरात."